पॅरिस ते व्हिएन्ना, सध्या कागदावर

१
मुंबईहून पॅरिसला विमानाने. व्हिएन्नाहून मुंबईला विमानाने. मधलं सगळं रेल्वेने. एका गावात उतरून दुसऱ्याच गावातून परत निघता येतं, ही कल्पना घरात रुजायला वेळ लागला.
"मग पॅरिसला परत कधी यायचं?"
"यायचंच नाही."
"म्हणजे जे बघायचं राहील ते राहीलच?"

२
पहिली यादी : पॅरिस, ब्रसेल्स, ॲम्स्टरडॅम, कोलोन, झुरिक, ल्युसर्न, मिलान, फ्लॉरेन्स, रोम, व्हेनिस, व्हिएन्ना, बुडापेस्ट.
आताची यादी : पॅरिस, झुरिक, व्हेनिस, व्हिएन्ना.
गाळलेल्या गावांबद्दल सगळ्यात जास्त हळहळ त्यांना, जे टूरबरोबर त्या गावात दोन तास थांबून आले आहेत.

३
लंडन नाही. व्हिसा वेगळा. सेंट पँक्रास स्टेशनाचा भास सीएसएमटीसमोर उभं राहून करून घ्यावा, असं ठरलं.

४
शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं, मोझेल नदीकाठचं छोटं गाव. १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी तिथे एका बोटीवर बसून करारावर सह्या केल्या. आज देश २९ आहेत. त्या गावाच्या नावाचा कागद मिळवायला लोक पहाटे पाचला टॅक्सी करून निघतात. त्या गावाला जायला कुणी निघत नाही.

५
व्हिसाचा अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त रात्री राहणार त्याच्याकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे.
आमच्या पॅरिस आणि व्हिएन्नाच्या रात्री सारख्या. म्हणजे फ्रान्स. ऑस्ट्रियाकडची अपॉइंटमेंट लवकर मिळत असल्याचं कळल्यावर नवऱ्याला मोझार्टबद्दल बरंच वाटायला लागलं आहे.

६
फी प्रौढ माणसाला ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोंचा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. स्टुडिओवाल्याने तीनदा सांगितलं, "मॅडम, हसू नका." हसत नव्हते. चेहराच तसा आहे.

७
व्हिसाच्या अर्जाला दिवसवार कार्यक्रम जोडायचा. कुठे राहणार, कसे जाणार. तिकिटं मात्र व्हिसा हातात आल्याशिवाय काढू नका, असं सगळे बजावतात, कारण स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. स्वस्त तिकीट तर आधी काढलं तरच मिळतं.
इथे नवऱ्याने वहीत एक गोल काढला आणि झोपायला गेला.

८
आईने नोकरीभर डोंबिवली–व्हीटी केलेलं आहे.
"तिकिटं काढली का?"
"पासाचा विचार चाललाय. सगळ्या युरोपचा एकच पास असतो. तेहतीस देश."
"बसायला मिळतं का त्यात?"
"जागेचं आरक्षण वेगळं."
"मग बरोबर. पास म्हणजे चढायला मिळतं."
युरेलचं मुख्य तत्त्व इतक्या थोडक्यात त्यांच्या माहितीपत्रकातही दिलेलं नाही.

९
युरेल पास १९५९ पासून आहे, युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल, १९७२ पासून. पासासाठी तुम्ही कुठले ते विचारत नाहीत, राहता कुठे ते विचारतात. स्टुटगार्टचा मावसभाऊ सोलापूरचा, पासपोर्ट भारतीय, जेवणात शेंगाचटणी. पण रेल्वेच्या हिशेबात तो युरोपियन.

१०
पास की सुटी तिकिटं, हा वाद तीन संध्याकाळी पुरला. फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असला तरी आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे निराळे. पॅरिस–झुरिकच्या गाडीत पासवाल्यांसाठी जागाही मोजक्याच. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत नुसतं जाऊन बसायचं. ऑस्ट्रियातही बऱ्याच ठिकाणी तसंच.
शेवटी असं दिसतं की पास हवा तो ज्याचं काही ठरलेलं नाही त्याला. सकाळी उठून वाटलं, की निघाला. आमच्या घरी दुपारच्या चहाचीसुद्धा वेळ ठरलेली आहे.
सुटी तिकिटं.

११
आपल्याकडे आरक्षण आधी १२० दिवसांपासून उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झालं. तिकडे काही गाड्यांचं चार-सहा महिने आधीच उघडतं. भाडं विमानासारखं वर चढत जातं. वेटिंग लिस्ट नाही. आरएसी नाही. टीसीच्या मागून डब्याडब्यांतून फिरणं नाही.
"आणि गाडी भरत आली तर?"
"महाग होते."
"आणि भरलीच तर?"
"दुसरी."
आईला यात माणुसकी कमी वाटते.

१२
पॅरिसमध्ये झुरिकची गाडी 'गार द ल्यों'वरून सुटते. जर्मनीची बहुतेक 'गार द लेस्त'वरून. ब्रसेल्स-ॲम्स्टरडॅमची 'गार दु नोर'वरून. एका स्टेशनावरून दुसऱ्याकडे जायचं तर मेट्रो. दादरला निदान पूल चढून पलीकडे जाता येतं.

१३
त्याच गार द ल्योंमध्ये १९०१ सालचं रेस्टॉरंट आहे. छताला चित्रं, सोनेरी महिरपी, झुंबरं. मेनूतल्या किमती पाहिल्या. डबा न्यायचा.

१४
डब्यात काय नाही न्यायचं : युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ आणता येत नाहीत. साजूक तुपाची बाटली बाद. ताज्या फळांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. त्यातून सूट फक्त पाच फळांना : अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन.
म्हणजे ड्युरियन, जे वासापायी आग्नेय आशियातल्या कित्येक हॉटेलांत नेऊ देत नाहीत, ते पॅरिसला चालतं. हापूस नाही. २०१४ साली तर फळमाशीमुळे युरोपने भारतीय आंबा व्यापारालाही बंद केला होता. २०१५च्या जानेवारीत बंदी उठवली.
मावशीने सोलून, कापून, डब्यात घालून नेता येईल का, असं विचारलं आहे. नाही.

१५
२०२४ साली जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण ६२ टक्के वेळेवर पोचल्या. वेळेवर म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. स्विस रेल्वे वेळेची मर्यादा तीन मिनिटांची धरते आणि ९३ टक्क्यांच्या आसपास असते.
मावसभावाचा फोन : "ताई, काहीही कर, जर्मनीत गाडी बदलू नकोस."
त्याची आई, म्हणजे आमची मावशी, सोलापुरात अजून सांगते की जर्मन लोकांवर घड्याळ लावावं.

१६
स्विस स्टेशनांवरचं घड्याळ हान्स हिल्फिकर या रेल्वेच्या इंजिनियरने १९४४ साली आखलं. सेकंदाचा लाल काटा साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी संपवतो आणि बारावर उभा राहून मिनिटाच्या इशाऱ्याची वाट पाहतो.

१७
ॲप सांगतं : गाडी बदलायला सात मिनिटं. माझा विश्वास बसेना म्हणून वाचत गेले. स्वित्झर्लंडने १९८२ पासून वेळापत्रक तासाच्या ठोक्यावर बसवलं. मोठ्या जंक्शनांत गाड्या शक्यतो तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या थोड्या आधी येतात आणि थोड्या नंतर सुटतात. मधल्या वेळात प्रवाशांनी एकमेकांच्या गाड्यांत शिरायचं. गाडी किती जोरात धावू शकते यापेक्षा तिला पुढच्या जंक्शनात कधी पोचायचंय, हे आधी ठरवतात. मग तेवढाच वेग, तेवढाच बोगदा, तेवढाच खर्च.
नवऱ्याच्या वहीत या विषयावर एकच ओळ आहे : "दोन बॅगा, एक गुडघा, सात मिनिटं."

१८
हमाल नाहीत. ज्याची बॅग त्याने उचलायची, हा नियम झाला. मंगळवारी सोसायटीची लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत रिकामी बॅग घेऊन चढून पाहिली. बुधवारी बॅगेत पुस्तकं भरून. शेजारच्या काकूंनी विचारलं, "सोडून चाललात का?"

१९
फ्रान्सच्या टीजीव्हीचे दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. आमच्याकडचे एक काका चालत्या गाडीत चढण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांचा फोटो हॉलमध्ये आहे. निवृत्तीनंतर, घरी, पलंगावर गेले; पण नातेवाइकांना अजून तसं वाटत नाही.

२०
भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. युरोपातलं बहुतेक जाळं १४३५. पुणे मेट्रोही १४३५. वनाजहून रामवाडीला जाणारा माणूस रुळांच्या मापाने युरोपात असतो.

२१
डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. गॉटहार्डचा नवा बोगदा, सत्तावन्न किलोमीटरचा, १ जून २०१६ ला उघडला. आमच्या घरी पहिल्या गोष्टीचा वाढदिवस पाळतात.
झुरिकहून इटलीकडे जाताना हा बोगदा लागतो. वीस मिनिटांच्या आसपास काळोख. त्याच्या वरची १८८२ सालची जुनी वाट अजून चालू आहे. साधारण तासभर जास्त लागतो. तिथे वासेन नावाच्या खेड्यात रेल्वे डोंगराच्या पोटात वळणं घेत चढते, आणि एकच चर्च खिडकीतून तीनदा दिसतं. आधी वर, मग समोर, मग खाली.
नवरा : "एक तास वाचवून व्हेनिसला जास्त बघता येईल."
मी : "काय?"
नवरा : "चर्च."

२२
व्हेनिसमध्ये दोन स्टेशनं. मेस्त्रे जमिनीवर, सांता लुचिया पाण्यापलीकडे. स्वस्त हॉटेलं मेस्त्रेला, आणि त्यांच्या जाहिरातीत नाव व्हेनिसचं. नवी मुंबईचा फ्लॅट 'मुंबई'त विकण्याची रीत जुनी दिसते.
२५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी व्हेनिसला दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. मुक्कामी राहणाऱ्याला ते माफ.

२३
व्हेनिस–व्हिएन्ना रात्रीच्या गाडीने की दिवसाच्या? रात्रीची गाडी घेतली तर हॉटेलची एक रात्र वाचते. दिवसाची घेतली तर सेमरिंग घाट दिसतो.
सेमरिंग : एक्केचाळीस किलोमीटर, सोळा मोठे कमानी पूल, काही दुमजली. बांधकाम १८४८ ते १८५४. आखणी करणारा कार्ल फॉन घेगा जन्माने व्हेनिसचा. तेव्हा व्हेनिस ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. काम सुरू झालं तेव्हा तो चढ रोज चढेल असं इंजिनच नव्हतं. १८५१ साली त्यासाठी इंजिनांची स्पर्धा भरवावी लागली. आधी रूळ, मग इंजिन. व्हिसाआधी हॉटेल बुक करणाऱ्यांना हे समजेल.
आपल्या भोर घाटाचं काम १८५६ ते १८६३. १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेलने कंत्राट घेतलं आणि त्याच वर्षी तो इथे वारला. कंत्राट त्याची बायको ॲलिस हिने पुढे चालवलं, जाणकार इंजिनियर नेमून. पुणेकर या घाटातून आयुष्यभर ये-जा करतात. सेमरिंगला १९९८ साली युनेस्कोचा वारसा-दर्जा मिळाला. भोर घाटात कर्जतचा वडापाव मिळतो की नाही, यावर गाडीत चर्चा चालते.
दिवसाची गाडी. हॉटेलची रात्र गेली तर गेली.

२४
आई : "लोअर बर्थ सांगितलीस ना?"
दिवसाची गाडी आहे, सगळे बसूनच जातात, असं सांगितलं. तिने थोडा विचार करून नवऱ्याला सांगितलं, "तरी सांगून ठेवा."

२५
झुरिकमध्ये बाराशेहून जास्त कारंजी आहेत, आणि त्यांचं पाणी पिता येतं. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात. पाणी फुकट. पुढचं विकत.

२६
१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. नवरा थोडा खट्टू. ज्या माणसाने सरकारी कचेऱ्यांत शिक्क्यासाठी अर्धं आयुष्य घालवलं, त्याला शिक्का हवा होता.

२७
राहिलेली कामं :
बँकेचं स्टेटमेंट, बँकेच्या सही-शिक्क्यासह.
तीन वर्षांचे आयटीआर. (नवऱ्याचे सापडले. माझे कपाटात.)
फ्रान्सची अपॉइंटमेंट, रोज सकाळी बघणे.
वासेनची गाडी : नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.
गुडघ्याचा पट्टा.
मेतकूट चालतं का, पुन्हा बघणे. त्यात दूध नाही.
कुंड्यांना पाणी : काकूंना विचारणे. सोडून चाललेलो नाही, हेही सांगणे.