आधी वाट, मग वहाण

मराठीतील 'वहाण' हा शब्द संस्कृतातील 'उपानह्' या शब्दाचा वंशज होय. या उपानहांच्या उत्पत्तीची एक मनोरम कथा महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. जमदग्नी ऋषी बाण सोडीत आणि रेणुका ते वेचून आणून देई. माध्यान्हीच्या उन्हाने तिचे मस्तक व तळपाय पोळले आणि तिला परतण्यास विलंब झाला. ऋषी सूर्यावर कोपले; तेव्हा सूर्याने त्यांस एक छत्र आणि वहाणांचा एक जोड दिला. कथा पौराणिक असली तरी तिच्यातील मर्म व्यवहाराचे आहे. वहाण जन्मास आली ती पायाच्या शोभेकरिता नव्हे, तर एका भूमीच्या एका त्रासाकरिता. भूमी बदलली की उत्तरही बदलावयास हवे. डोंगरवाटांनी धावण्याचे वेड सांप्रत घरोघरच्या तरुण मंडळींस लागले आहे; त्यांच्या बुटांविषयी चार शब्द लिहिताना हीच गोष्ट आम्हांस प्रथम सांगावीशी वाटते.

आमच्या पुण्याच्या घरात तीन माणसे धावतात. पुतण्या सिंहगड, राजगड, तोरणा या वाटा तुडवितो. सूनबाई पहाटे वेताळ टेकडीवर जाते. आणि थोरल्या बंधूंची कॉलेजात शिकणारी नात या दोघांचे पाहून धावू लागली आहे. गेल्या आषाढात राजगडावरून उतरताना ओल्या कातळावर पुतण्याचा पाय सरकला आणि डावे मनगट मोडले. बूट नवे, चांगले दहा हजारांचे होते. बंधूंनी पंक्तीतच निकाल दिला, "एवढे पैसे घालूनही हाड मोडायचेच असेल तर पोरीला कशाला पाठवायचे? उद्यापासून बंद!" नात दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिने विचारले, "आजोबा, काका पडला तो धावण्यामुळे, की बुटांमुळे?" प्रश्न रास्त होता. बंधू निरुत्तर झाले, आणि आम्ही ते बूट मागवून उलटे करून पाहिले.

बुटांच्या सोलला खोल, टोकदार आणि विरळ दाते होते. असे बूट चिखलाकरिता असतात. इंग्लंडच्या उत्तरेकडील डोंगरांवर गवत आणि दलदल पुष्कळ; तेथे 'फेल रनिंग' नावाची डोंगरधाव जुन्या काळापासून चालत आली आहे, आणि तिच्यासाठी असे खोल दात्यांचे बूट करतात. दाते मऊ मातीत रुततात आणि पाय धरून ठेवतात. कातळात मात्र दाते रुतणार कोठे? तेथे बुटाचा सारा भार दात्यांच्या लहानशा टोकांवर पडतो, आणि दगडाला टेकणारे रबर मूठभरही राहत नाही. बूट वाईट नव्हता. तो दुसऱ्या भूमीचा होता.

यावर बंधूंचा आक्षेप ठरलेला आहे: मावळ्यांनी कोणते बूट घातले होते? आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो प्रांतात लेडव्हिल येथे १०० मैलांची डोंगरधाव होते. १९९३ साली मेक्सिकोतील ताराहुमारा जमातीचा व्हिक्टोरियानो चुरो हा पंचावन्न वर्षांचा शेतकरी, टायरच्या रबराच्या चपला घालून, ती धाव जिंकला. परंतु मावळा काय आणि हा शेतकरी काय, बालपणापासून डोंगर चढून त्यांचे पाय घडलेले होते. पंधरा वर्षे शाळेच्या बाकावर बसलेल्या पायांस ती पुण्याई एका रविवारात कशी लाभावी? आपले पाय जेथे कमी पडतात, तेथे बुटाने साहाय्य करावयाचे, एवढाच त्याचा अधिकार.

हे साहाय्य अपुरे पडले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण इटलीत आहे. १९३५ साली आल्प्स पर्वतातील पुंता रासिका या शिखरावर व्हिताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती प्राणास मुकले. अपुरी पादत्राणे हे त्या अपघाताचे एक कारण मानले गेले. ब्रामानी शोक करीत बसला नाही. खडकावरही चालेल आणि बर्फावरही चालेल असा दातेरी रबरी सोल त्याने तयार केला आणि १९३७ साली त्याचे पेटंट घेतले. १९५४ साली के-टू शिखरावर प्रथम पोहोचलेल्या इटालियन तुकडीच्या बुटांना हाच सोल होता. त्याच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून पडलेले 'व्हिब्रम' हे नाव आज अनेक बुटांच्या तळाशी दिसते. ज्या दात्यांस आपण नक्षी समजतो, त्यांच्यामागे सहा माणसांचे मरण आहे.

आता आपल्या वाटांकडे वळू. सह्याद्री हा मुख्यतः काळ्या बेसाल्टचा. कोरडा असता हा कातळ पायाला उत्तम धरतो. पावसात मात्र त्यावर शेवाळाचा थर बसतो. येथे सोलचे रबर मऊ हवे आणि दाते उथळ, रुंद व दाट हवेत. नखाने दाबून पाहिले असता रबर किंचित दबले पाहिजे. असे रबर लवकर झिजते, ही त्याची किंमत होय. हिरव्या शेवाळावर मात्र जगातला कोणताही सोल विश्वासार्ह नाही. तेथे चाल धीमी करावी आणि प्रसंगी बसून उतरावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

दुसरी वाट घसाऱ्याची. पावसाळा सरला की सोंडांवरचा मुरूम सुटा होतो आणि उतरताना पायाखालून वाहू लागतो. येथे चार ते पाच मिलिमीटरचे दाते पुरतात. परंतु टाचेखालचे दाते उलट दिशेस वळलेले असावेत, म्हणजे उतारावर ते लगामाचे काम करतात. बोटांपुढे जाड रबराचे कवच असावे. टोकदार दगड तळव्यास बोचू नयेत म्हणून काही बुटांत एक पातळ पत्रा घातलेला असतो. लांबच्या पल्ल्यास तो उपयोगी पडतो.

तिसरी वाट चिखलाची, म्हणजे आषाढ-श्रावणातील बांधांची व रानवाटांची. सहा मिलिमीटर किंवा त्याहून खोल दाते येथेच शोभतात. ते विरळ असले म्हणजे चिखल अडकून न राहता गळून पडतो. चौथी भूमी जांभ्याची. पाचगणीचे पठार आणि कोकणातील सडे या दगडाचे. कोरडा जांभा खरबरीत असल्यामुळे सोल कानशीसारखा घासून टाकतो. तेथे कठीण रबर बरे. आणि पाचवी, जिचा कोणी विचार करीत नाही, ती डांबराची. गडाच्या पायथ्यापर्यंत पाच-सात किलोमीटर सडकेनेच जाणार असाल, तर खोल दाते तेथेच झिजतील आणि पोटऱ्याही दुखतील.

पाण्याविषयी एक गैरसमज फार आहे. 'वॉटरप्रूफ' बूट पावसाळ्यास उत्तम, असे दुकानदार सांगतात. परंतु आपल्याकडे पाऊस बाहेरून थेंबाथेंबाने शिरत नाही. ओढा ओलांडताना पाणी घोट्यावरून आत येते, आणि मग तेच अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. त्यापेक्षा जाळीदार कापडाचा बूट बरा. तो भिजतो लवकर, पण निथळतोही लवकर.

भूमीचा विचार झाल्यावर पायाचा. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडे फुगलेले असतात. धावताना घालावयाचे मोजे बरोबर न्यावेत. उभे राहिले असता सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहिली पाहिजे. नाहीतर उतारावर बोटे पुढे आदळून नखे काळी पडतात. टाच मात्र उचलता कामा नये. दुकानात जिना असल्यास तो उतरून पाहावा. सपाट फरशीवर सारेच बूट गुणी वाटतात.

एकत्र कुटुंबात थोरल्याची वस्तू धाकट्याकडे जाते. पुस्तके, सायकली, स्वेटर यांबाबत ही रीत स्तुत्य आहे. धावण्याच्या बुटांबाबत ती नसावी. सोल धन्याच्या चालीप्रमाणे एका बाजूस झिजतो, आणि दुसऱ्याच्या घोट्यास ती झीज वाकडे वळण लावते. साधारणतः ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बुटाची गादी मरते, वरून तो कितीही नवा दिसो. ओले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नयेत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवावेत. कपाटात वर्षानुवर्षे ठेवलेल्या बुटांचा सोल आपल्या दमट हवेत निखळतो, म्हणून मोहिमेच्या आदल्या दिवशी जुना जोड तपासून घ्यावा.

हे सारे बंधूंना सांगितल्यावर त्यांनी फार वाद घातला नाही. नातीस त्यांनी एवढेच विचारले, "तू कोणत्या वाटेने धावणार?" ती म्हणाली, "रोज वेताळ टेकडी, आणि महिन्यातून एकदा सिंहगड." म्हणजे मुरूम, थोडा कातळ आणि थोडी माती. तिच्यासाठी मध्यम दात्यांचा, मऊ रबराचा, जाळीदार कापडाचा जोड आणला. दहा हजारांच्या निम्म्यातच काम झाले. पावसात कातळ उतरताना चालतच उतरावे, ही बंधूंची अट तिने मान्य केली. पुतण्याचे बूट आता मावळातील भातखाचरांच्या वाटेवर चालतात आणि तेथे ते उत्तम आहेत.

ज्या घरात एकच जोड घेण्याची ऐपत आहे, तेथे वरीलप्रमाणे मध्यम दात्यांचाच घ्यावा. तो कोणत्याच भूमीवर सर्वश्रेष्ठ नसतो, परंतु बहुतेक ठिकाणी दगा देत नाही. जेथे तो कमी पडेल तेथे वेग कमी करावा, इतके शहाणपण मात्र स्वतःच्या पदरी असावे. दसरा-दिवाळीच्या खरेदीस मुलांबरोबर दुकानात जाणाऱ्या वडील मंडळींस आमची विनंती आहे की, रंग व किंमत यांची चर्चा होण्यापूर्वी मुलास त्याची वाट विचारावी. तिचे वर्णन त्यास नीट करता आले नाही, तर त्या दिवशी खरेदी न करता आधी त्याच्याबरोबर ती वाट एकदा सावकाश चालून यावी.