तात्सुकीला कुणी काही सांगत नाही

'ब्लीच' बघणारे सगळे इचिगोच्या तलवारीबद्दल बोलतात. मला आवडते ती तात्सुकी अरिसावा. कराटेत पक्की, लहानपणी डोजोत इचिगोला रडवणारी. केसांवरून मुली ओरिहिमेला छळायच्या, तेव्हा ही तिच्या पाठीशी उभी राहिली. मग ओरिहिमेने केस पुन्हा वाढवले, ते हिच्यावरच्या विश्वासाची खूण म्हणून!

पण आत्म्यांच्या लढाईत कराटे चालत नाही. कुबोने तिला बाहेरच ठेवलंय. एक दिवस ओरिहिमे शाळेत येत नाही. इचिगोला कारण ठाऊक असतं, तरी तो म्हणतो, तुझा काय संबंध? तात्सुकी त्याला असा ठोसा मारते की खिडकीची काच फुटते.

तो ठोसा मला कळतो. "तुला टेन्शन नको म्हणून नाही सांगितलं," असं माझ्या जवळच्या मैत्रिणीने मला म्हटलं होतं, तिच्या बाबांचं ऑपरेशन होऊन गेल्यावर. काळजी म्हणे! मला तर दार लावून घेतल्यासारखं वाटलं.

तात्सुकी मात्र रुसून घरी बसत नाही. केइगो आणि मिझुइरोसोबत ती इचिगोच्या मागावर उराहाराच्या दुकानापर्यंत जाते आणि तो निघून जाताना लपून बघते.