दोन बोटे माया

शिवणकामात 'माया' असा एक शब्द आहे. शिवणीच्या आत, बाहेरून कुणाला दिसणार नाही असे जे जादा कापड सोडलेले असते, त्याला माया म्हणतात. लहानपणापासून हा शब्द आम्हां दोघी बहिणींच्या कानांवरून गेलेला. परंतु तो नीट कळायला आम्हांला साठी ओलांडावी लागली. गतवर्षी आम्ही घरच्या घरी कपडे शिवले. त्या वर्षाचा हा जमाखर्च.

आमची आई वसईतल्या आमच्या आळीत शिवणकाम करीत असे. वडील लवकर गेले आणि त्यांच्यामागे आमचे घर चालले ते हप्त्यांवर घेतलेल्या एका 'उषा' मशीनच्या पायटयावर. आळीतल्या बायकांची पोलकी, परकर, मुलींचे झगे असे काम अखंड चाले. नाताळच्या आधी तर मध्यरात्र उलटली तरी मशीनची घरघर थांबत नसे. मुंबईच्या गिरण्यांच्या कापडाचे कटपीस ती स्वस्तात आणी. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे तेही दुर्मीळ झाले. गिऱ्हाइकांच्या कापडातून उरलेले तुकडे ज्याचे त्याला परत जात. कुणी 'ठेव तुला' म्हटले, तरच त्यांचे आमचे झगे होत. वर्गातल्या मुली मग बोट दाखवून सांगत, "ही बाही माझ्या आईच्या परकराची!"

त्या हसण्याची आम्हांला एवढी लाज वाटली की, मोठेपणी मशीनला हात लावायचा नाही असे आम्ही मनाशी ठरवून टाकले. थोरली परिचारिका झाली, धाकटी शिक्षिका. पहिल्या पगारातून दोघींनीही आणले ते तयार कपडे. आईने ते हातात घेतले, उलटे करून शिवण पाहिली आणि एवढेच म्हणाली, "छान आहेत गं, पण माया नाही सोडली."

आईला जाऊन आज एकोणीस वर्षे झाली. निवृत्तीनंतर घर आवरताना माळ्यावरचे मशीन खाली उतरवले, तेव्हा ते भंगारात द्यावे असाच विचार होता. पण चाकाला हात लावला तर ते फिरले! त्या दिवशी, काहीशा थट्टेत, आम्ही ठरवले की एक वर्षभर तयार कपडा विकत घ्यायचा नाही. जे लागेल ते आपणच शिवायचे.

कातडी पट्टा कुजला होता, तो बदलला; सांध्यासांध्यांत तेल घातले. मांजरपाटावर सरळ टीप मारण्याचा सराव सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात आमचा गर्व उतरला. वरून टीप सुरेख दिसे, पण खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे! वरचा दोरा नीट ओवलेला नसला की खाली असा गुंता होतो, हे समजायला चार दिवस गेले. हाताच्या सुईचे नेढे मागे असते, मशीनच्या सुईचे टोकाशी. एलायस हाऊ याने १८४६ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात ही किमया होती. सिंगरचे यंत्र आले ते १८५१ साली. सुई वरचा दोरा खाली नेते, शटल त्याच्या फासातून बॉबिनचा दोरा ओवून घेते आणि दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांना धरून ठेवतात. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही शिवणयंत्राला अपवाद मानले होते. आईने मात्र हे सारे कोणत्याही पुस्तकावाचून, केवळ बोटांनी जाणले होते.

पुढच्या चुकाही आम्ही एकेक करून सगळ्या केल्या. कोरे सुती कापड न भिजवता बेतले आणि पहिल्या धुण्यात परकर घोट्याच्या वर गेला. दोन्ही बाह्या एकाच बाजूने बेतल्या आणि एकाच हाताच्या दोन बाह्या तयार झाल्या. मुंढा पुढून जरा जास्त खोल घ्यायचा असतो, हे तर तीन पोलकी बिघडल्यावर ध्यानात आले. वर्षअखेर मोजदाद केली, तेव्हा सात परकर, नऊ पोलकी, चार झगे आणि एक सदरा अशी एकवीस वस्त्रे भरली. पैकी पाच अंगावर घालण्याजोगी नव्हती. पैशांची बचत म्हणाल, तर काहीच झाली नाही.

सदरा धाकटीच्या मुलासाठी होता. त्याला पाच दिवस लागले. एकट्या कॉलरची शिवण तीनदा उसवली. नंतर बाजारातून जाताना स्वस्त सदऱ्यांचा ढीग दिसला आणि आमची पावले तिथे थबकली. त्यांतील प्रत्येक कॉलर कुणीतरी मशीनवर वाकून वळवली असणार. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील सावर येथे कपड्यांचे कारखाने असलेली इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली, ती बातमी आम्ही तेव्हा वाचली होती आणि पान उलटले होते. या वेळी ती आठवली, तेव्हा आमच्या पाठीला पाच दिवसांची कळ होती.

आता वर्षातील त्या एका गोष्टीविषयी.

आमची पोलकी अंगाला बसेनात, तेव्हा नमुना मिळावा म्हणून आम्ही पेटीतले आईचे एक जुने पोलके उसवायला घेतले. कुशीची शिवण उघडली आणि आत सुईच्या भोकांच्या जुन्या रेघा दिसल्या: एक अगदी कडेची, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. रेघांमधल्या पट्ट्यांचे रंग निरनिराळे होते. कडेचा पट्टा नव्यासारखा, आतले अधिकाधिक विटलेले. आईने ते पोलके शिवून झाल्यावर तीन वेळा आत घेतले होते. शेवटची शिवण तर मशीनची नव्हतीच. हाताने घातलेला धावदोरा होता. म्हणजे तोवर पायटा मारण्याचे बळ तिच्यात उरले नव्हते.

आम्ही दर रविवारी तिला भेटायला येत होतो. कपडा तिच्या अंगासरशी बसलेला असे आणि 'आई, बरी दिसतेस हो,' असे म्हणून आम्ही संध्याकाळच्या गाडीने परतत होतो. आजार कळला तेव्हा उपाय उरला नव्हता. थोरलीने परक्या माणसांची वजने रोज नोंदवली होती. तिला आईचे ओघळणे दिसले नाही.

त्या रात्री आम्हां दोघींचे वाजले. धाकटीचे म्हणणे, आईने मुद्दाम लपवले. आपल्याला रजा घ्यावी लागू नये म्हणून. थोरली म्हणाली, तसे काही नाही. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईला स्वतःच्या अंगावर ढगळ कापड खपले नाही, इतकेच. हा वाद अजून मिटलेला नाही आणि मिटवणारी माघारी येणार नाही. ते पोलके आम्ही पुन्हा शिवले नाही. उसवलेल्या अवस्थेतच घडी घालून ठेवले आहे.

वर्षाचा शेवटचा कपडा थोरलीच्या नातीचा झगा होता. बेतताना दोघींनीही न बोलता दोन बोटे माया सोडली. नातीने तो घातला, आरशात पाहिला आणि कुरकुरली, "आत एवढं कापड कशाला? टोचतं."

"असू दे," आम्ही म्हणालो, "तू वाढशील ना."