आवळ्याची फोड

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा चकल्या-अनारशांचे डबे भरलेले असतील आणि आवळ्याला अजून थोडा अवकाश असेल. तुळशीचे लग्न लागले, बोर-भाजी-आवळा वाहून झाला, की मग आमच्या घरी मोरावळ्याचा बेत ठरतो आणि आवळे निवडण्याचे काम माझ्याकडे येते. पेन्शनीत निघालेल्या मास्तराला घरात दुसरे कोणते काम देणार? जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, तेव्हा डागी आवळा याच्या नजरेतून सुटायचा नाही, असा मंडळींचा समज असावा. मीही निमूटपणे सूप पुढे ओढून बसतो.

तुम्ही आवळा कधी नीट पाहिला आहे का? चेंडूसारखा गोल, वर-खाली किंचित चेपलेला, आणि देठापासून खालच्या टोकापर्यंत उतरत गेलेल्या सहा पुसट रेघा. उकडला की त्या रेघांवरच तो उकलतो आणि सहा फोडी आपोआप मोकळ्या होतात. सुरी लागत नाही, कोणाला कमी-जास्त मिळाल्याचे भांडण होत नाही. भूमितीच्या भाषेत बोलायचे तर प्रत्येक फोड बरोबर ६० अंशांची. संत्र्याला हा गुण नाही. त्याच्या फोडी कधी दहा, कधी अकरा, आणि एखादी मधेच दबून राहिलेली कुपोषित!

या फोडींपाशी आलो की मला गडचिरोलीची शाळा आठवते. १९७५ च्या सुमाराची गोष्ट. गडचिरोली तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १९८२ च्या २६ ऑगस्टला झाला. तोवर ते चंद्रपूर जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते, आणि वैनगंगेपलीकडे बदली झाली म्हणजे आप्तेष्ट सांत्वनाला येत. मी मात्र तिथे रमलो. शाळेच्या मागे रान सुरू व्हायचे, आणि मधल्या सुटीनंतर निम्म्या वर्गाच्या खिशात आवळे किंवा बोरे असायची.

दहावीच्या वर्गावर महत्त्वमापन चालले होते. गोलाचे पृष्ठफळ वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट का, हे फळ्यावर सांगून कोणाला पटत नाही. म्हणून मी कुंभाराकडून चिकणमातीचा गोळा आणला, तारेने मधोमध कापला, आणि अर्ध्या गोळ्याच्या सपाट अंगावर सुतळी गोल गोल वेटाळून दाखवली. मग तीच सुतळी बाहेरच्या फुगीर अंगावर वेटाळली. ती बरोबर दुप्पट लागली. वर्ग खूश, मी त्याहून खूश. साहेब तपासणीला येणार होते, त्यांच्यापुढे हाच प्रयोग करायचा, हे मी मनाशी ठरवूनही टाकले.

इतक्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. भामरागडच्या बाजूचा माडिया पोरगा, मामाकडे राहून शिकत होता. मराठी त्याला बेताचीच यायची, म्हणून फारसा बोलत नसे.

"गुरुजी, ह्याचे आणखी दोन केले तं?"

"तर काय होईल?"

"बाहेरची साल अर्धी झाली जी. पण आतली तं तेवढीच राहते."

मला त्याचे बोलणे कळले नाही. तो पुढे आला, माझ्या हातातला अर्धगोल घेऊन तारेने उभा चिरला आणि एक फोड माझ्यापुढे धरली. "चार केले की दोन्ही बरोबर," तो म्हणाला.

मी घड्याळाकडे पाहिले. "हे परीक्षेला नाही. बस खाली." वर्ग हसला. तो बसला.

आता त्याने काय म्हटले होते ते पाहा. गोल वस्तूची उभी फोड केली की तिला दोन सपाट अंगे येतात, आणि प्रत्येक अंग म्हणजे अर्धे वर्तुळ. दोन अर्धी मिळून एक पूर्ण वर्तुळ झाले. फोड जाड असो की कागदासारखी पातळ, हे वर्तुळ काही लहान होत नाही. कमी होत जाते ती फक्त साल. गोळ्याचे दोन भाग केले तर साल सपाट अंगाच्या दुप्पट, चार केले तर दोन्ही अगदी सारखी, आणि आवळ्यासारखे सहा केले तर साल मागे पडून दोन-तृतीयांशच उरते. फोडी जास्त केल्या की पाक चांगला मुरतो, हे बायकांना स्वयंपाकघरात ठाऊक असते. त्यामागचा हिशेब हाच आहे. सहा आवळाफोडींची सपाट अंगे मिळून सहा वर्तुळे, आणि साल सगळी मिळून फक्त चार! पाठ्यपुस्तकात हे कुठे दिलेले नव्हते. त्या पोराने ते मातीच्या एका गोळ्याकडे पाहून काढले, आणि मी त्याला खाली बसवले.

पुढे मार्चात मोहफुले पडू लागली. त्या दिवसांत रानातली घरेच्या घरे पहाटे टोपल्या घेऊन मोह वेचायला जातात. मग तेंदूची पाने येतात. तो मुलगा गावी गेला तो आलाच नाही. तशी कितीतरी मुले जात, त्यामुळे मलाही त्याचे विशेष काही वाटले नाही. हजेरीपटातून त्याचे नाव तांबड्या शाईने मीच कमी केले.

पुष्कळ वर्षांनी भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' समजावून सांगणारे एक पुस्तक हाती आले. आचार्यांनी तो ग्रंथ ११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी रचला. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची हकीकत कोरलेली आहे, त्यामुळे ते आपल्याला घरचेच वाटतात. पृथ्वीच्या पृष्ठाचा विचार करताना त्यांनी गोलाच्या उभ्या फोडी पाडल्या आहेत. त्या फोडींना ते 'वप्रक' म्हणतात, आणि त्यासाठी त्यांना दृष्टांत सुचला तो आवळ्याचा! मी पुन्हा पुन्हा वाचले. आवळाच होता.

त्यांची युक्ती मोठी देखणी आहे. ज्याचा परीघ ९६ हात आहे असा गोल घ्या आणि त्याच्या ९६ फोडी करा. प्रत्येक फोडीची साल मध्यावर एक हात रुंद असते आणि दोन्ही टोकांकडे निमुळती होत जाते. तिचे आडवे काप कल्पून, ज्यांच्या साहाय्याने त्यांची बेरीज केली, की एका सालीचे क्षेत्रफळ येते सुमारे साडेतीस चौरस हात. म्हणजे गोलाचा व्यास जितका हात, तितकेच! मग सगळे पृष्ठफळ म्हणजे परीघ गुणिले व्यास. आर्किमिडीजाने हा नियम हजाराहून अधिक वर्षे आधी वेगळ्या वाटेने सिद्ध केला होता, पण आवळ्याची वाट मला अधिक जवळची वाटते. लल्लासारख्या मोठ्या ज्योतिषाचाही इथे पाय घसरला होता. त्याने वर्तुळाच्या क्षेत्रफळालाच परिघाने गुणले. आचार्यांनी ती चूक भीड न ठेवता दाखवून दिली आहे.

पृथ्वीचेही आपण असेच करतो. एका तासाला १५ अंशांची एक फोड, अशा तिच्या २४ फोडी. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलेले. गडचिरोली साधारण ८० वर. म्हणून तिथला सूर्य घड्याळाच्या दहाएक मिनिटे मागे असतो, आणि मुंबईचा त्याच्याही मागे जवळजवळ अर्धा तास. त्या दिवशी तास संपायला पाचच मिनिटे आहेत, असे मी घड्याळात पाहिले होते. सूर्याच्या हिशेबाने पंधरा होती!

पुस्तक मिटल्यावर मी एका सहकाऱ्याला पत्र लिहिले. तो मुलगा कुठे आहे, काय करतो, काही कळते का पाहा, म्हणून. त्यांचे उत्तर आले. मामाचे घर तिथून उठले होते, आणि मुलाचे गाव शाळेच्या कागदात नीट लिहिलेलेच नव्हते. ते कागदही माझ्याच अक्षरातले.

गेल्या कार्तिकात आवळे निवडता निवडता मी एक टपोरा आवळा घेऊन त्याच्या चार फोडी करायला बसलो. कच्चाच होता. सुरी सालीतून गेली, गरातून गेली, आणि मधल्या बीवर अडली. जोर केला तशी ती निसटून बोटाला लागली. सौभाग्यवती हळद घेऊन आल्या, आवळ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, उकडल्यावर सहा होतातच की. चार कशाला हव्यात?"

मी त्यांना मग त्या मुलाची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.