दोन मिनिटे आधी

ब्रुसेल्सहून मॉन्सला रेल्वेने तासाभरात पोहोचता येते. बेल्जियमला जाणारे आपले लोक सहसा इकडे फिरकत नाहीत. मुलाची तिकडे नोकरी, म्हणून मी गेले होते. एका रविवारी तो म्हणाला, "अम्मी, आज तुला एक कब्रस्तान दाखवतो." सुट्टीच्या दिवशी कब्रस्तान! पण गेले.

आधी जवळच्या विल-स्युर-एन गावात कालव्यावरचा पादचारी पूल पाहिला. त्याला जॉर्ज लॉरेन्स प्राइसचे नाव दिले आहे. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात जन्मलेला, सस्कॅचेवानमध्ये शेतात राबणारा हा मुलगा ऑक्टोबर 1917 मध्ये सक्तीच्या भरतीतून फौजेत आला. 11 नोव्हेंबर 1918 च्या पहाटे युद्धबंदीवर सह्या झाल्या. बंदुका मात्र सकाळी अकराला थांबायच्या होत्या. त्या सकाळी प्राइस चार साथीदारांबरोबर कालवा ओलांडून पलीकडची घरे तपासायला गेला. घरातून रस्त्यावर पाऊल टाकले आणि गोळी छातीत लागली. एक तरुण मुलगी जिवाची पर्वा न करता धावत आली, त्याला आत ओढायला मदत केली. 10 वाजून 58 मिनिटांनी तो गेला. वय 25. माझ्या मुलाएवढाच.

सह्या पहाटेच झाल्या होत्या, मग गोळीबार पहाटेच का थांबवला नाही? मुलाने बरीच कारणे सांगितली. मला एकही पटले नाही.

तिथून सें-सिम्फोरियांला गेलो. कब्रस्तान कसले, झाडीतली बागच. वळणावळणाच्या पायवाटा, उंच-सखल जमीन. इथे जर्मनांचा ताबा असताना त्यांनीच ते वसवले. जमीन देणाऱ्या स्थानिक माणसाने अट घातली होती, दोन्ही बाजूंच्या मृतांना सारखाच मान मिळाला पाहिजे. जर्मनांनी तर शत्रूच्या मिडलसेक्स रेजिमेंटसाठीही स्तंभ उभारला आणि तिच्या नावात नसलेला 'रॉयल' हा किताब चुकून बहाल करून टाकला! दोन्हीकडचे पाचशेहून अधिक लोक इथे शेजारी शेजारी झोपले आहेत.

ऑगस्ट 1914 मध्ये पडलेला पहिला ब्रिटिश सैनिक जॉन पार आणि शेवटच्या दिवशी पडलेला जॉर्ज एलिसन यांच्या कबरी समोरासमोर आहेत. मध्ये काही पावलांचे अंतर. ते मुद्दाम केलेले नाही, तसे घडले. चार वर्षे लाखो माणसे मेली आणि फौज फिरून त्याच मॉन्सला आली.

प्राइसची कबर तिथून जवळच आहे. पांढरा दगड, त्यावर मेपलचे पान. अधिकारी असो की शिपाई, दगड एकाच मापाचा. आपल्या कब्रस्तानातली मातीही कुणाचा हुद्दा विचारत नाही, ते आठवले.

सवयीने हात दुआसाठी उठले आणि मी थबकले. त्याच्या आईसाठी सब्र मागावा, तर ती माउली केव्हाच गेली असणार. मग आज ज्यांची मुले कुठल्या ना कुठल्या सरहद्दीवर उभी आहेत, त्या साऱ्या आयांसाठी मागितले. मुलगा बाजूला उभा होता. परतीच्या गाडीची वेळ झाली तरी त्याने घाई केली नाही.