गोणपाटात गुंडाळलेली पेटी

आज स्वतःचीच फजिती सांगतो. तीस वर्षे कृषी विस्तार अधिकारी म्हणून तुमच्या बांधावर येऊन सल्ले दिले आणि घरच्याच वाडीत चुकलो.

उमेळ्यात आमची मोगऱ्याची वाडी आहे. पहाटे कळ्या खुडून लोकलने दादरच्या फुलबाजारात पाठवायच्या, हे वहिनीचे काम. घरखर्च त्यावरच. विहिरीवर आजोबांच्या वेळी रहाट होता, मग इंजिन आले, मग विजेची मोटर. विजेचा दाब कमी-जास्त होऊन ती दोनदा जळाली, तेव्हा दादाने पदरचे पैसे घालून ३ अश्वशक्तीचा सौरपंप बसवला. (२०२४ सालच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच रक्कम भरावी लागते, पण ती वीजजोडणी नसलेल्यांसाठी. आमच्याकडे जोडणी होती.)

सौरपट्ट्या आणि पंप यांच्यामध्ये एक पेटी असते, कंट्रोलर. मी दादाला म्हणालो, “खारा वारा आहे, उद्या पाऊस येईल. हिला गोणपाट गुंडाळ, वर पत्र्याचे खोके घाल.” त्याने ऐकले. बी.एस्सी. झालेला भाऊ सांगतोय म्हटल्यावर कोण नाही ऐकणार?

एप्रिलमध्ये ऐन बाराच्या उन्हात पंप रोज बंद पडू लागला. मी सौरपट्ट्या दोनदा धुतल्या, पाइप तपासला. मोगऱ्याची पाने मलूल झाली, कळी बारीक येऊ लागली. वहिनी एवढेच म्हणाली, “भावोजी, ऊन कमी पडतंय का?”

शेवटी शेजारची आयटीआय झालेली मुलगी आली. गोणपाटावर हात ठेवून म्हणाली, “काका, हिला ताप आलाय.”

मग मी नीट समजून घेतले. सौरपट्टीतून वीज एकाच दिशेने येते, आमच्या मोटरला मात्र दिशा बदलणारी, तीन फेजची वीज लागते. पेटीतले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून ती घडवतात. विजेवरच्या रिक्षातही अशीच पेटी बॅटरी आणि मोटरच्या मध्ये बसलेली असते.

रहाटाचे जनावर दमले की आजोबा त्याला हळू चालवत. ढग आला की पेटी तेच करते, पंपाचा वेग उतरवते. वेग निम्मा झाला तर शक्ती साधारण आठवा हिस्साच लागते. मात्र वेग फारच उतरला तर पाणी वर चढत नाही.

या उघडझापीत थोडी वीज वाया जाऊन तिची उष्णता होते. ती बाहेर टाकायला पाठीमागे धातूच्या पाकळ्या असतात. नेमक्या त्याच मी गुंडाळल्या होत्या! आतला ताप वाढला की पेटी जीव वाचवायला स्वतःच थांबते. आत वीज क्षणभर धरून ठेवणारी नळकांडी असतात. ताप १० अंशांनी वाढला की त्यांचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते.

तेव्हा पेटी सावलीत लावा, वर छप्पर असू द्या, पण चारी बाजूंनी वीत-वीतभर हवा खेळू द्या. तारांची भोके बुजवा, पाल आणि मुंग्या आत शिरतात. खारट धूळ कोरड्या फडक्याने पुसा. झाकण मात्र स्वतः उघडू नका. पंप बंद केल्यावरही काही मिनिटे आत जीवघेणी वीज असते.

आम्ही पेटी विहिरीच्या उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत हलवून घेतली. पंप आता भर दुपारीही चालतो. ते गोणपाट वहिनी कळ्या निवडताना खाली अंथरते. मी गेलो की मलाही त्यावरच बसायला सांगते.