पाण्याचा समतोल

‘शुद्ध’ या शब्दावर आपल्या भाषेने फार भार टाकला आहे. लेखन शुद्ध हवे, आचरण शुद्ध हवे, तसेच पाणीही शुद्ध हवे. घरच्या पोहण्याच्या हौदाची निगा राखू लागल्यापासून मात्र आम्हांला या शब्दाचा भरवसा वाटेनासा झाला आहे. हौदातले पाणी नुसते शुद्ध असून भागत नाही. ते समतोल असावे लागते.

अंजनगाव सुर्जीच्या मळ्यातला आमचा हौद वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि चार फूट खोल आहे. त्यात सुमारे साडेबावीस हजार लिटर पाणी मावते. ते येते बोअरमधून, आणि ते जड आहे. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत दुष्फेन. जंतू मारण्यासाठी क्लोरीन घालावा, तर त्याचे बळ पाण्याच्या सामूवर, म्हणजे आम्ल-अल्कतेच्या मापावर, अवलंबून असते. सामू साडेसात असेल तर घातलेल्या क्लोरीनपैकी निम्मा खऱ्या अर्थाने कामाचा असतो. तो आठावर गेला की जेमतेम पाव. उरलेला पाण्यात असतो, पण जवळजवळ निष्क्रिय. नाकाला झोंबणारा वासही बहुधा क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घामासारख्या मळाशी झुंजून संपत आलेल्या क्लोरीनचा तो वास असतो. औषधाचीही गंमत अशी की ब्लीचिंग पावडर मुळात चुन्याचीच. ती जंतू मारते आणि जड पाणी आणखी जड करते.

मग पाणी अगदी निर्मळ, क्षारविरहित का घेऊ नये? कारण तसे पाणी भुकेले असते. ज्या चुन्याची त्याला उणीव असते, तो ते हौदाच्या गिलाव्यातून ओरबाडून घेते. उलट, क्षारांनी तृप्त झालेले पाणी तोच चुना भिंतीवर पांढऱ्या थराच्या रूपाने टाकून देते. विल्फ्रेड लँगेलिअर यांनी १९३६ मध्ये पाण्याची ही भूक आणि तृप्ती मोजण्याचे गणित मांडले. नळाच्या पाण्याने लोखंडी वाहिन्या गंजू नयेत, ही त्यामागची चिंता होती. आज जगभरचे जलतरण तलाव त्याच गणितावर सांभाळले जातात. घेणे आणि टाकणे यांच्या मधला जो बिंदू, तोच समतोल.

हा बिंदू वऱ्हाडच्या उन्हात स्थिर राहत नाही. मे महिन्यात आठवड्याला दोन-तीन इंच पाणी उडून जाते. उडते ते केवळ पाणी. क्षार मागेच राहतात. तूट भरायला पुन्हा बोअर सुरू करावी, तर नवे पाणी आपले क्षार घेऊन येते. महिनोन्महिने हे चालले की हौदातले पाणी मूळ पाण्याहून कितीतरी खारे होते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा कसा झाला, याच्या एका उपपत्तीत हीच क्रिया सांगितली जाते: निचरा कमी, बाष्पीभवन अधिक आणि क्षारांचा दीर्घ संचय. सातपुड्याच्या पायथ्याकडून आमच्या गावावरून दक्षिणेला दर्यापूरकडे उतरत गेले की विहिरीचे पाणी खारे होत जाते. जी गोष्ट तिथे घडायला युगे लागली, ती आमच्या हौदात दोन उन्हाळ्यांत दिसते.

हौद रिकामा करून पुन्हा भरणे हा सर्वांत सोपा उपाय. पण साडेबावीस हजार लिटर पाणी ओतून देण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्न इथे टळत नाही. खालच्या अंगाची गावे पिण्याच्या गोड पाण्यासाठी शहानूर धरणाच्या नळांकडे डोळे लावून असतात. शिवाय सोडलेल्या पाण्यातला क्लोरीन उन्हात उडून जातो, क्षार मात्र काळ्या जमिनीत उतरतात. म्हणून आम्ही रात्री हौदावर ताडपत्री ओढतो, क्लोरीन सूर्यास्तानंतर घालतो, रोज सामू पाहतो आणि पावसाचे पाणी छपरावरून हौदात घेतो. घरात हौद असावा की नाही, या प्रश्नाचे हे उत्तर नाही, हे आम्ही जाणतो. एकदा घेतलेले पाणी शक्य तितके दिवस वापरण्याजोगे ठेवणे, एवढेच त्यातून साधते. शुद्धीला शेवट असतो. समतोल मात्र उद्या सकाळी पुन्हा मोजावा लागतो.